स्वतःच्या नावाने प्रवेश

काळ्या पडद्यावर जी ओळ उमटायला हवी होती ती त्या दिवशी उमटली नाही. नऊ वर्षे, महिन्यातून एकदा तरी, ताई तीच आज्ञा टंकित करीत आली होती आणि एक श्वास घेऊन होईपर्यंत आज्ञेखाली 'आवृत्ती प्रकाशित झाली' हे तीन शब्द येत आले होते. आज तिथे दुसरेच वाक्य येऊन बसले: 'आपली ओळख पटत नाही. कृपया पुन्हा प्रवेश करा.' शब्द सभ्य होते, अगदी कृपया वगैरे म्हणून लिहिलेले. परंतु रोज जाण्यायेण्याच्या दारावर एखाद्या दिवशी रखवालदाराने हात आडवा धरावा आणि नाव विचारावे, तसे तिला झाले. तिने चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. वाक्य हलले नाही. खोलीत बाकी सारे जागच्या जागी होते. खिडकीच्या काचेवर समोरच्या इमारतीचे उन्ह पडले होते, भिंतीवरचे घड्याळ एक वाजून चाळीस मिनिटे दाखवीत होते, आणि पलीकडच्या टेबलावर कोणीतरी सफरचंद सोलत होते. ओळख पटत नाही. ताईच्या मनात पहिल्यांदा भीती आली, आणि तिच्या पाठोपाठ, लपतछपत, एक प्रकारची सुटका. कारण जी ओळख पटत नव्हती ती तिची नव्हतीच.

ताई ही त्या कार्यालयातील सर्वांत जुनी प्रोग्रामर. वय एक्कावन्न, केस कानांपाशी पांढरे, बोलणे हळू. तिच्या हाती असलेले काम बाहेरून पाहणाऱ्याला फार लहान वाटले असते. बाळाची जन्मतारीख दिली की आज ते किती महिन्यांचे झाले, एवढेच सांगणारा तो एक छोटा प्रोग्राम. परंतु ठिकठिकाणची लसीकरण केंद्रे आपल्या याद्या त्याच्याच आधाराने करीत. प्रोग्राम लिहिणारे लोक आपली अशी तयार कामे बांधून, त्यांवर नाव व आवृत्तीचा क्रमांक घालून, ज्या सामायिक भांडारात ठेवतात त्याला ते रजिस्ट्री म्हणतात, आणि त्या बांधणीला पॅकेज. ज्याला हवे त्याने ते तिथून उचलावे. ठेवणाराने मात्र आधी आपण कोण ते सांगून आत यावे, एवढाच तिथला नियम. सकाळी एका केंद्रावरच्या सिस्टरांचा फोन आला होता: एकतीस तारखेला जन्मलेले एक बाळ यादीतून गळले होते. ताईने तासाभरात दोष शोधला. ज्या महिन्याला एकतीस तारीखच नाही त्या महिन्यात ते बाळ, गणिताच्या दृष्टीने, वाढायचेच थांबत होते. तिने दोन ओळी बदलल्या, तपासल्या, सुधारलेली आवृत्ती बांधली. चार वाजता सर्व केंद्रांच्या उद्याच्या याद्या आपोआप तयार होणार होत्या. त्यापूर्वी ती आवृत्ती भांडारात जायला हवी होती; न गेल्यास एकतीस तारखेची सगळी बाळे उद्या कोणाच्याच कागदावर नसणार होती.

"झालं का गं?" सफरचंद सोलणाऱ्या बाईंनी विचारले. या बाई प्रोग्राम तपासण्याचे काम करीत, आणि कोणाच्याही कामातला बारीकसा दोष नेमका चिमटीत पकडीत, म्हणून सारे कार्यालय त्यांना चिमटा म्हणे. त्यांनाही ते नाव आवडे.

"होतंय."

"तुझं 'होतंय' मला पाठ आहे. म्हणजे नाही झालं."

"आत घेत नाहीये. ओळख दाखवा म्हणतं."

"नऊ वर्षं जातेस-येतेस, आणि ओळख नाही? अगदी माझ्या सासूबाई. सव्वीस वर्षं झाली लग्नाला, अजून दार उघडतात ते 'कोण पाहिजे?' म्हणतच."

ताई हसली नाही. एरवी हसली असती. तिची नजर पडद्यावर होती, आणि मन नऊ वर्षांमागे, याच टेबलापाशी, याच खुर्चीच्या मागे उभे होते. खुर्चीत तेव्हा पंतोजी बसले होते. ते या प्रोग्रामचे मूळ कर्ते. नियम सांगितल्यावाचून त्यांना कोणतीच गोष्ट सांगता येत नसे, म्हणून पंतोजी. निवृत्तीचा तो त्यांचा शेवटचा दिवस होता. टेबलावर अर्धा कापलेला केक, बशीत वितळलेले आइस्क्रीम, आणि लोक आपापल्या कामाला लागलेले. "इकडे ये," ते म्हणाले होते, "एकदा डोळ्यांदेखत करून दाखवतो." तिच्याच यंत्रावर त्यांनी प्रवेशाची आज्ञा दिली. यंत्राने नाव विचारले, त्यांनी दिले. पासवर्ड विचारला, आणि त्यांची दहाही बोटे चालू लागली, पण पडद्यावर काहीच उमटेना, ठिपका नाही की फुली नाही. "पंतोजी, काही येत नाहीये," ती म्हणाली. "यायचं नसतंच," ते म्हणाले. "गुप्त गोष्ट लिहिताना ती लिहिणाऱ्यालाही दिसू नये, असा नियम आहे." मग आवृत्ती प्रकाशित झाली. मग त्यांनी तिलाही तिथेच, पुढ्यात बसवून, रजिस्ट्रीत तिचे स्वतःचे नाव नोंदवायला लावले. मग ते उठले, छत्री घेतली आणि गेले. तिच्या यंत्रावरून बाहेर पडण्याची आज्ञा मात्र ते द्यायला विसरले. एकदा ओळख पटवली की यंत्र एक न दिसणारी किल्ली जपून ठेवते आणि पुढे दरवेळी तीच दाखवते. ती किल्ली पंतोजींच्या नावाची, ताईच्या यंत्रात राहिली.

पुढच्याच महिन्यात तिला ते कळले होते. रजिस्ट्रीला एक प्रश्न विचारता येतो, मी कोण, असा. तिने सहज विचारला, आणि उत्तरादाखल पंतोजींचे नाव आले. त्या वेळी तिने फोन करायला हवा होता. केला नाही. पहिल्या महिन्यात वाटले, म्हाताऱ्या माणसाला त्यांची चूक कशाला दाखवायची. दुसऱ्या महिन्यात वाटले, आता सांगितले तर विचारतील, महिनाभर काय करीत होतीस. पुढे पुढे ती न सांगितलेली गोष्ट एवढी जुनी झाली की सांगणे हाच अपराध वाटू लागला. आणि याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, जी ती स्वतःशीही उच्चारीत नसे. पंतोजींनी तिला आपल्या बरोबरीची मालकी देऊ केली नव्हती. नाव नोंदवून घेतले, पण पॅकेजच्या पाटीवर ते चढवले नाही. मग आपण होऊन कसे मागायचे? वर्षे गेली. प्रोग्रामचा पाऊण भाग तिने नव्याने लिहिला. दूरदूरच्या लोकांची आभाराची पत्रे येत, ती पंतोजींच्या नावाने. एका सभेत कोणी तरुण वक्ता म्हणाला, "सत्तरीच्या घरातही हे गृहस्थ दर महिन्याला काम करतात," आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईनेही वाजवल्या, तिसऱ्या रांगेत बसून. त्या दिवशी घरी येताना तिला वाटले होते की चोरीही आपणच केली आणि चोरीला गेले तेही आपलेच.

आता ते दार बंद झाले होते. पंतोजींना कळले असणार, त्यांनी किल्ली मोडली असणार. ताईने प्रवेशाची आज्ञा दिली. नाव? असे यंत्राने विचारले. नऊ वर्षांपूर्वी नोंदवलेले आणि एकदाही न वापरलेले आपले नाव तिने लिहिले. ते पडद्यावर उमटले तेव्हा कपाटातून जुनी, कधी न नेसलेली साडी निघावी आणि घड्यांच्या रेषा तशाच असाव्यात, तसे ते दिसले. पासवर्ड? आणि इथे तिची बोटे थबकली. काय ठेवला होता आपण? तिने डोळे मिटले. तिचे वडील छापखान्यात अक्षरे जुळवीत. शिशाच्या अक्षर-खिळ्यांची ती मोठी लाकडी पेटी, तिचे शेकडो खण, आणि कोणत्या खणात कोणते अक्षर ते त्यांच्या बोटांना ठाऊक. ते हस्तलिखिताकडे पाहून जुळवीत, पेटीकडे पाहत नसत. सुट्टीच्या दिवशी ते तिला कडेवर घेऊन जात आणि म्हणत, "सांग बघू, हा खण कशाचा?" वरच्या ओळीतले पहिले सात खण तिला अजून येत होते. तीस वर्षांत त्या हातांतून किती पुस्तके गेली असतील. शेवटच्या पानावर छापखान्याचे नाव असे, प्रकाशकाचे असे, चित्रे काढणाराचेही असे. वडील पुस्तक हातात घेत, पान उलटीत, कुठल्याशा ओळीवर बोट ठेवीत, आणि मिटून परत देत. विकत त्यांनी एकही घेतले नाही. सात खण: पासवर्ड त्यांच्याच अक्षरांचा असणार. तिच्या बोटांनी तो क्रम त्या न दिसणाऱ्या जागेत लिहिला. चुकला. पुन्हा लिहिला. चुकला. तिसऱ्यांदा तिने विचार करणे सोडले आणि बोटांना जाऊ दिले. क्षणभराने फोनवर सहा आकडे आले, तेही तिने भरले, आणि पडद्यावर ओळ उमटली: 'आपण आत आला आहात,' आणि पुढे तिचे नाव.

तिला वाटले होते आपल्याला फार लाज वाटेल. प्रत्यक्षात हातापायांत एक हलकेपण आले. तिने घाईने प्रकाशनाची आज्ञा दिली. उत्तर आले: 'या पॅकेजवर आपला अधिकार नाही.'

तिने आपल्या नावाचे पान उघडले, कुठे काही वाट दिसते का पाहायला. पान कोरे होते. ज्या घरात कोणी राहिलेच नाही त्या घराइतके कोरे. पॅकेजे शून्य, आवृत्त्या शून्य. आणि तळाशी, सूचनांच्या रकान्यात, एक सूचना. न वाचलेली. नऊ वर्षांपूर्वीची. पंतोजींच्या निवृत्तीनंतरच्या चौथ्या दिवसाची. पंतोजींनी तिला या पॅकेजची सहमालक होण्याचे निमंत्रण दिले होते. स्वीकारण्याची मुदत तीस दिवस. खाली करड्या अक्षरांत लिहिले होते: मुदत संपली.

ताई किती वेळ त्या ओळीकडे पाहत होती कोणास ठाऊक. तिच्या मनात आले, ई-टपालही आले असेल; कार्यालयाच्या जुन्या ई-पत्त्यावर, जो त्याच महिन्यात बदलला. आणि इथे, या पानावर, हे पत्र नऊ वर्षे दाराच्या आत पडून होते. स्वतःच्या नावाने ती एकदा जरी आत आली असती तरी पायाला लागले असते.

"तुझा चेहरा का असा?" चिमटा बशी हातात घेऊन शेजारी येऊन उभी राहिली होती. तिला सगळे सांगावे लागले. सांगायला पाच मिनिटेही लागली नाहीत. नऊ वर्षांची गोष्ट एवढीशी असते याचे ताईला नवल वाटले.

"अगं बाई! म्हणजे त्या सभेत मी तुझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवल्या, त्या तुझ्या होत्या?" चिमटा म्हणाली. "आणि तूही वाजवत होतीस! मूर्ख आहेस झालं. लाव फोन त्यांना."

"कोणत्या तोंडाने लावू?"

"माझ्याशी भांडतेस ना, त्याच. अडीच वाजलेत. लाज चार वाजल्यानंतर वाटून घे हवी तेवढी." तिने सफरचंदाची एक फोड ताईच्या हातात ठेवली आणि ती निघून गेली.

फोन पुष्कळ वेळ वाजला.

"पंतोजी, मी बोलतेय."

"मी म्हणजे कोण?"

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला, आणि मग ते जुने, दात नसल्यासारखे हसू. "अगं, ओळखला की आवाज. गंमत केली. तीन महिने वाट बघतोय तुझी."

"तीन महिने?"

"जुन्या किल्ल्या रद्द होणार, नव्या करून घ्या, असं रजिस्ट्रीवाले मला तीन महिने बजावत होते. मी मुद्दामच काही केलं नाही. म्हटलं, दार बंद झालं की तरी ही फोन करेल."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक म्हणजे? माझ्या नावाने काही प्रकाशित झालं की मला टपाल येतं. एकशे चौदा टपालं आली. सगळी ठेवलीत मी. आवृत्तीत तू काय बदललंस ते चहा घेता घेता वाचायचो. हिला वाचून दाखवायचो, तिला काही कळायचं नाही, पण ऐकायची बिचारी. पाच वर्षांपूर्वी एकदा अर्ध्या तासात दोन आवृत्त्या आल्या, दुसरी पहिलीतली चूक निस्तरणारी. तू तशी चूक करणारी नाहीस. मी हिला म्हटलं, आज पोरीचं काहीतरी बिनसलंय."

ताईने खिडकीकडे पाहिले. वडील गेले त्याच्या चौथ्या दिवशी ती कामावर आली होती. कोणाला काही बोलली नव्हती. आणि दूर कुठेतरी, चहाच्या कपाशेजारी, ते एका माणसाने वाचले होते.

"मग तुम्ही फोन का नाही केला?"

"मी निमंत्रण पाठवलं होतं. तू घेतलं नाहीस. मला वाटलं, नको असेल. पाऊण आयुष्य तुला नियम शिकवले, वैतागली असशील. म्हातारा गेला, सुटले, असं म्हणाली असशील. पण मग काम तर माझ्याच नावाने करत राहिलीस. याचा अर्थ मला काही लागेना. राग म्हणावा तर राग नाही, आणि मान म्हणावा तर तोंडातून शब्द नाही. शेवटी किल्ली तेवढी जिवंत ठेवली. म्हटलं, येते-जाते आहे ना, पुरे."

"मी ते निमंत्रण आज पाहिलं, पंतोजी. पाऊण तासापूर्वी."

पलीकडे कुठेतरी भांडे ठेवल्याचा आवाज आला. "काय गं हे," पंतोजी अगदी हळू म्हणाले. एवढेच. थोड्या वेळाने त्यांचा नेहमीचा स्वर परत आला. "बरं. आता रडू नकोस. काय अडलंय ते सांग."

तिने एकतीस तारखेच्या बाळांचे सांगितले. पंतोजी ऐकून म्हणाले, "ती चूक माझी. पहिल्या दिवसापासूनची. तिथे माझाच नियम आहे." त्यांना ती चूक आपली आहे याचे जणू समाधानच वाटले. नवे निमंत्रण पाठवायचे तर आता त्यांना स्वतःला प्रवेश करायला हवा होता. संगणक आतल्या खोलीत होता, तो सुरू व्हायला वेळ लागला. डोळ्यांना आता बारीक दिसत नव्हते. ताई फोनवरून एकेक अक्षर सांगू लागली आणि ते एका बोटाने एकेक अक्षर शोधू लागले. ज्या माणसाची दहा बोटे तिने चालताना पाहिली होती त्याच्या एका बोटाचा ठक, ठक असा आवाज तिच्या कानात पडत होता.

"पासवर्ड विचारतंय. लिहितोय, पण काही येत नाहीये गं."

"यायचं नसतंच, पंतोजी. नियम आहे."

ते मोठ्याने हसले, आणि त्यापायी चुकले, आणि पुन्हा पहिल्यापासून लिहू लागले. मग सहा आकड्यांची अडचण उभी राहिली. आकडे फोनवर येणार आणि फोन कानाशी धरलेला. कानाशी धरला तर आकडे दिसेनात, डोळ्यांशी धरला तर ताई ऐकू येईना. "थांब, आले. लिहून घे, तूच भर. तीन..."

"नको!" ताई एवढ्या जोरात म्हणाली की पलीकडच्या टेबलावर चिमटाने मान वर केली. "मला सांगू नका. तुमचे आकडे तुम्हीच भरा."

"अगं, नऊ वर्षं माझी किल्ली वापरलीस, आता सहा आकड्यांची कसली लाज?"

"म्हणूनच," ती म्हणाली.

त्यांनी पत्नीला हाक मारली. पत्नीने आकडे मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवले, त्यांनी ते भरले. तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी ताईच्या पानावर दुसरी सूचना आली. हिच्यावर तिने बोट ठेवून ती आधी नीट वाचली, आणि मग स्वीकारली.

"मिळालं?"

"मिळालं."

"आता एक कर. मालकांच्या यादीतून माझं नाव काढून टाक. आज तो अधिकार तुझ्याकडे आहे."

"मग टपाल कसं येणार तुम्हाला?"

ताईने प्रकाशनाची आज्ञा दिली. एक श्वास, आणि तीन शब्द आले. चार वाजले, चारावर दोन मिनिटे झाली, आणि चिमटाने आपल्या टेबलावरून ओरडून सांगितले, "आली गं आली, एकतीसवाली सगळी आली! त्या सिस्टरांचं बाळसुद्धा!" पंतोजींनी फोन ठेवला नव्हता, तिनेही नव्हता. दोन खोल्यांतल्या घड्याळांचे आवाज एकमेकांत मिसळत होते. मग पलीकडे एक घंटी किणकिणली.

"एकशे पंधरावं," पंतोजी म्हणाले. "थांब, चष्मा बदलतो. अक्षरं मोठी करतो. हं. आवृत्ती क्रमांक... तो असू दे. बदल, महिनाअखेरची बाळं. प्रकाशित करणार..." आणि त्यांनी तिचे नाव वाचले. नऊ वर्षांपूर्वी, शाळेतल्या सवयीने, तिने ते पूर्ण लिहिले होते: स्वतःचे, मग वडिलांचे, मग आडनाव. पंतोजींनी तिन्ही शब्द सुटे सुटे, स्पष्ट, शाळेच्या हजेरीत वाचावेत तसे वाचले, आणि मधल्या शब्दापाशी ते परत आले.

"हे वडील ना गं तुझे? कधी बोलली नाहीस त्यांच्याविषयी. काय करायचे?"

"छापखान्यात होते. अक्षरं जुळवायचे."

"म्हणजे पुष्कळ पुस्तकांत नाव असेल त्यांचं."

"नव्हतं हो," ताई म्हणाली. पडद्यावर तीच ओळ होती. तिचे बोट मधल्या शब्दावर टेकलेले होते, केव्हा टेकले ते तिला कळले नव्हते. "पुन्हा एकदा वाचाल का?"

आणि पंतोजींनी घसा साफ करून, कसलीही घाई न करता, पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.